ब्राह्मी आणि स्मरणशक्ती : वाचकांच्या शंका

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. ब्राह्मीने स्मरणशक्ती वाढते, असे आपण सर्वजण ऐकत आलो आहोत. विज्ञान प्रदर्शनासाठी आठवीच्या निम्म्या वर्गाला महिनाभर ब्राह्मीचे चूर्ण द्यावे आणि आधी व नंतर पाठांतराची परीक्षा घेऊन फरक पाहावा, असे मनात आहे. ही पद्धत योग्य ठरेल का?

उत्तर : आपली जिज्ञासा मला फार मोलाची वाटते, परंतु मुलांना चूर्ण देण्याचा विचार कृपया पूर्णपणे सोडून द्यावा. वनस्पती परंपरेने वापरातील असली, तरी परिणाम पाहण्यासाठी ती कोणाला दिली की तो माणसावरचा औषधी प्रयोग ठरतो आणि त्यासाठी नैतिकता समितीची मान्यता, समजून-उमजून दिलेली लेखी संमती आणि वैद्यकीय देखरेख लागते. मुलांच्या बाबतीत हे नियम अधिकच कडक असतात, आणि ते तसेच असायला हवेत.

आता पद्धतीविषयी. पहिली अडचण वनस्पतीचीच आहे. ब्राह्मी या नावाने दोन अगदी वेगळ्या वनस्पती विकल्या जातात. एक बॅकोपा मोनिएरी, म्हणजे जलब्राह्मी किंवा नीरब्राह्मी. तिची पाने लहान, मांसल आणि समोरासमोर असतात. दुसरी सेंटेला एशियाटिका, म्हणजे मंडूकपर्णी. तिची पाने गोलसर, कातरलेल्या काठांची आणि लांब देठांची असतात. चरकसंहितेत मेध्य, म्हणजे बुद्धी वाढवणारी, रसायने म्हणून मंडूकपर्णीचा स्वरस, ज्येष्ठमधाचे चूर्ण, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क (वाटून केलेला गोळा) ही चार सांगितली आहेत, तर आधुनिक चाचण्यांतील बहुतेक काम नीरब्राह्मीच्या अर्कावर झालेले आहे. तेव्हा एकीच्या चाचणीचा निष्कर्ष दुसरीच्या पुडीला लावता येत नाही. पानांचे चूर्ण आणि बॅकोसाइड या घटकांचे प्रमाण ठरवून तयार केलेला अर्क, हेही एकमेकांच्या जागी धरता येत नाहीत.

दुसरी अडचण कालावधीची. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ३८ निरोगी व्यक्तींना ३०० मिलिग्रॅम अर्काची एकच मात्रा देऊन पाहिली, तेव्हा स्मरणशक्तीत काहीच फरक दिसला नाही. ज्या चाचण्यांत फरक आढळला, त्या बहुधा १२ आठवडे चाललेल्या होत्या. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात गोळ्या सुरू करणाऱ्यांनीही याची नोंद घ्यावी.

परंतु सर्वांत मोठा धोका सरावाचा आहे, आणि उत्साही प्रयोगकर्ते नेमके तिथेच फसतात. शब्दांची तीच यादी दुसऱ्यांदा दिली की कोणतेही औषध न घेता गुण वाढतात. यादी बदलली, तरी परीक्षेची रीत ओळखीची झाल्याने थोडी वाढ होतेच. म्हणून सहभागी व्यक्तींची विभागणी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे, निवडीला वाव न ठेवता करावी लागते. एका गटाला औषध आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी दिली जाते, आणि कोणाला काय मिळाले हे घेणाऱ्यालाही ठाऊक नसते, गुण देणाऱ्यालाही नसते. ब्राह्मी कडू असल्यामुळे ही गुप्तता राखणे सोपे नाही. चवीवरून अंदाज आला की अपेक्षेचा परिणाम निकालात मिसळतो. याशिवाय कोणती कसोटी निर्णायक मानायची, हे आधीच लिहून ठेवावे लागते. वीस वेगवेगळ्या कसोट्या घेतल्या, तर औषध पूर्णपणे निरुपयोगी असले तरी पाच टक्क्यांच्या रूढ निकषानुसार, म्हणजे प्रत्येक कसोटीत योगायोगाने फसण्याची पाच टक्के शक्यता मान्य करणाऱ्या नियमानुसार, सरासरी एक कसोटी केवळ योगायोगाने यशस्वी दिसेल.

आपल्या वर्गासाठी मी असे सुचवेन : कोणालाही काहीही खायला न देता, सारख्या काठिण्याच्या पंधरा-पंधरा शब्दांच्या दोन याद्या करून आठवड्याच्या अंतराने मुलांची परीक्षा घ्यावी आणि औषधाविना गुण किती हलतात, ते मोजावे. मुलांच्या हातून एक खरा शोध लागेल आणि पुढे कोणत्याही औषधाचा दावा ऐकताना कोणता प्रश्न विचारायचा, हेही त्यांना कळेल.

प्रश्न : उंदरांवर प्रयोग करून स्मरणशक्ती वाढल्याचे वाचनात येते. उंदराला काय आठवते, हे कसे कळते?

उत्तर : एका प्रचलित पद्धतीत उंदराला गढूळ केलेल्या पाण्याच्या गोल टाकीत सोडतात आणि पृष्ठभागाखाली लपवलेला चौथरा शोधायला लावतात. रोजच्या सरावाने चौथरा सापडण्याचा वेळ कमी होतो. नंतर चौथरा काढून घेतला की तो उंदीर पूर्वीच्या जागी किती वेळ घुटमळतो, हे मोजले जाते. ब्राह्मीच्या बाबतीत लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत प्राण्यांवर बरेच काम झाले आहे. अशा प्रयोगांतून औषध मेंदूत कोणत्या मार्गाने काम करत असावे, याचा माग लागतो. माणसाला लाभ होईल की नाही, हे त्यावरून ठरत नाही.

प्रश्न : माझे वय ६६ आहे. अलीकडे नावे चटकन आठवत नाहीत. ब्राह्मी घेतल्यास उपयोग होईल का?

उत्तर : आपल्या वयोगटातही चाचण्या झाल्या आहेत. ६५ वर्षांवरील ५४ व्यक्तींच्या एका अमेरिकन चाचणीत, जिचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले, रोज ३०० मिलिग्रॅम अर्क १२ आठवडे घेणाऱ्यांना ऐकलेले शब्द काही वेळाने आठवून सांगणे निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपेक्षा अधिक जमले. त्याआधी २००२ साली प्रसिद्ध झालेल्या, ४० ते ६५ वयाच्या ७६ व्यक्तींच्या ऑस्ट्रेलियन चाचणीतील निष्कर्ष मला विशेष महत्त्वाचा वाटतो : नवी माहिती शिकण्याचा वेग वाढला नाही, मात्र शिकलेले विसरण्याचे प्रमाण कमी झाले. आयुर्वेदानेही धी (आकलन), धृती (धारण) आणि स्मृती (आठवण) यांचा वेगवेगळा विचार केला आहे, त्यामुळे ‘स्मरणशक्ती वाढते’ या सरसकट विधानापेक्षा कोणता भाग सुधारतो, असे विचारणे परंपरेलाही धरूनच होईल. २०१४ साली ९ चाचण्यांतील ५१८ व्यक्तींच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण झाले. त्यात प्रामुख्याने लक्ष देण्याच्या वेगात सुधारणा दिसली आणि खात्रीसाठी मोठ्या चाचण्यांची गरज संशोधकांनी नोंदवली. थोडक्यात, मर्यादित लाभाची शक्यता खरी आहे, पण हरवलेली नावे परत येतील, असे आश्वासन या आकड्यांवरून कोणी देऊ नये.

मळमळ, पोटात कळ येणे आणि वारंवार शौचाला होणे हे त्रास चाचण्यांत नोंदले गेले आहेत. स्मृतिभ्रंशावरील डोनेपेझिलसारखे औषध, थायरॉइडच्या गोळ्या किंवा हृदयाचे ठोके मंदावणारी औषधे चालू असल्यास स्वतःहून ब्राह्मी सुरू करू नये. शिवाय ही वनस्पती दलदलीत वाढते आणि दूषित पाण्यातील जड धातू शोषून घेते. म्हणून शिसे, कॅडमियम, आर्सेनिक आणि पारा यांची तपासणी केलेलेच उत्पादन घ्यावे. त्याहीआधी विसरण्याचे कारण शोधावे, कारण थायरॉइडची कमतरता, ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव, नैराश्य, अपुरी झोप आणि काही औषधे यांमुळेही विसराळूपणा येतो आणि त्यातील अनेक कारणांवर उपचार आहेत. नावांबरोबरच ओळखीचे रस्ते किंवा पैशांचे व्यवहारही चुकू लागले असतील, तर घरातील एखाद्या व्यक्तीला सोबत घेऊन लवकरच डॉक्टरांकडे जावे आणि आपण घेत असलेल्या सर्व औषधांची यादी, आयुर्वेदिक औषधांसह, त्यांना दाखवावी.