वाचकांचे प्रश्न: पेशंट नेमका कुठं गळतोय?

प्रश्न: मी राधानगरी तालुक्यात एका उपकेंद्रावर सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) आहे. बीपीचे पेशंट सापडतात, गोळ्या चालू होतात आणि तीन-चार महिन्यांत बरेच जण यायचे बंद होतात. वरिष्ठ म्हणाले यावर एक स्टडी करा. मी बीपीबद्दलच्या जागरूकतेवर 60 प्रश्नांची प्रश्नावली केलीय, ओपीडीत भरून घ्यायचा विचार आहे. बरोबर आहे का?
(एक वाचक भगिनी, राधानगरी)

उत्तर: ताई, राग मानू नका पण ती प्रश्नावली आधी बाजूला ठेवा. तुम्हाला शोधायचेत न येणारे पेशंट आणि विचारणार कुणाला, तर ओपीडीत आलेल्यांना! जे येतात ते गोळ्या घेतातच ओ, त्यांना मीठ किती खाता विचारून न येणाऱ्यांचं काय कळणार. आणि लोकांना माहिती नाही म्हणून ते येत नाहीत हे तुम्ही न बघताच ठरवून टाकलंय, ही आपल्या सगळ्यांचीच जुनी खोड, काही बिघडलं की जनजागृती कमी पडली म्हणायचं, म्हणजे चूक पेशंटची आणि आपण मोकळे.

आधी रजिस्टर काढा. मागच्या वर्षभरात नोंद झालेले सगळे बीपीवाले घ्या, त्यातल्या किती जणांच्या गोळ्या चालू झाल्या, गेल्या तीन महिन्यांत एकदा तरी किती जणांचा बीपी मोजला, आणि त्यातले 140/90 च्या खाली किती. एवढे आकडे एका कागदावर मांडा, सगळ्यात मोठी घसरण ज्या पायरीवर दिसेल तिथंच तुमचा स्टडी. कधीकधी असंही निघतं की पेशंट येतोय, बीपीपण मोजतोय, पण तो 160 च्या वर असताना गोळीचा डोस कुणी वाढवलेलाच नाही, मग तिथं पेशंटला प्रश्न विचारून काय उपयोग, तो प्रश्न आपल्यालाच विचारायला पाहिजे.

घसरण जर खरंच न येण्याचीच असली तर न येणाऱ्यांची यादी करा आणि घरी जा. आशाताई वाट दाखवायला असू देत, पण प्रश्न विचारणारं माणूस शक्यतो दुसऱ्या केंद्रातलं घ्या, नाहीतर तोंडावर कोण सांगणार की तुमच्याकडं दोन हेलपाटे मारले आणि गोळीच मिळाली नाही. घरी गेल्यावर काय काय निघेल बघा: अम्लोडिपिननं पाय सुजले म्हणून कुणी गोळी सोडलेली, कुणी रोप लावणीत अडकलेलं, कुणी लेकाकडं पुण्याला गेलेलं, कुणी खाजगीतनं तीच गोळी घेतंय म्हणजे ते गळालेलंच नाही, आणि एखादे आजोबा वारलेत पण आपल्या रजिस्टरात अजून फॉलोअप बाकी. सोबत औषधांचं स्टॉक रजिस्टर पण बघा, वर्षात किती दिवस साठा शून्य होता ते लिहून काढा, ते 60 प्रश्नांपेक्षा जास्त बोलेल. आणि डेटा नुसता जून ते ऑगस्टचा घेऊ नका, तुमच्याकडं त्या दिवसांत तो बीपीचा नाही, पावसाचा स्टडी होईल.

किती जण घ्यायचे हे विचारलं नाहीत पण पुढचं पत्र त्याचंच येणार. पीएसएमच्या, म्हणजे सामाजिक वैद्यकशास्त्राच्या, पुस्तकातलं जुनं सूत्र चालतं, 4 गुणिले पी गुणिले क्यू भागिले एलचा वर्ग. पी म्हणजे गळतीचे अंदाजे टक्के, क्यू म्हणजे 100 वजा पी, आणि एल म्हणजे किती टक्के इकडं-तिकडं चालेल ते. अंदाजे 50 टक्के गळती धरली आणि 10 टक्के इकडं-तिकडं चालणार असेल तर 100 माणसं पुरतात, तेच 5 टक्क्यांपर्यंत नेमकं पाहिजे म्हटलं की 400 लागतात. घराला कुलूप असतं म्हणून वर थोडी जादा धरायची. आणि तुमच्या यादीत मुळात 80 च नावं असली तर सूत्र सोडा, सगळ्यांनाच भेटा.

मग बदल एकच करायचा. 2017 च्या शेवटी उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला, त्यात सुरुवातीच्या जिल्ह्यांत आपल्या जवळचे सातारा आणि सिंधुदुर्ग होते, तिथली पद्धत लई साधी: ठरलेला गोळ्यांचा प्रोटोकॉल, एका वेळी 30 दिवसांच्या गोळ्या, घराजवळ फॉलोअप आणि दर तिमाहीला किती जणांचा बीपी आटोक्यात आला याची मोजणी. यातलं तुमच्याकडं जे कमी पडतंय तेवढं करा आणि शेजारच्या ज्या उपकेंद्रात ते केलेलं नाही तिथलेही तेच आकडे घ्या. का? तर पहिल्यांदा खूप जास्त आलेला बीपी पुढच्या वेळी काही न करताही थोडा उतरलेला दिसतो, आणि थंडीत तो जरा जास्तच असतो, त्यामुळं डिसेंबरात मोजून मे महिन्यात परत मोजलं की वाटतं वा, आमचा प्रोजेक्ट यशस्वी!

प्रश्न: मी स्टाफ नर्स. आमच्या हॉस्पिटलात डिस्चार्ज झालेल्या शुगरच्या पेशंटना फोन करायचा स्टडी निघालाय. निम्म्यांना फोन, निम्म्यांना नाही. ज्यांना फोन नाही त्यांच्यावर हा अन्याय नाही का?
(इचलकरंजी)

उत्तर: सिस्टर, फोननं फायदा होतो हे पक्कं माहीत असतं तर स्टडी करणं चुकीचं होतं, सरळ सगळ्यांना फोन लावायला पाहिजे होते. ते माहीत नाही म्हणूनच तर बघायचं. बिनाफोनवाल्यांना आज जी ट्रीटमेंट मिळते ती पूर्ण मिळालीच पाहिजे, त्यातलं काही काढून घ्यायचं नाही, आणि अडचण आली तर कॉल करायला नंबर त्यांच्याही कार्डवर असू दे. तरी मनाला लागत असेल तर टीमला सांगा की वॉर्ड टप्प्याटप्प्यानं घ्या, कुठला आधी ते चिठ्ठ्या टाकून ठरवा, शेवटी सगळ्यांना फोन मिळतो आणि तुलनाही होते.

तुलनेत ताकद किती असते त्याचं आपल्याच राज्यातलं उदाहरण गडचिरोलीचं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या टीमनं 39 गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घेतली आणि 47 गावं तुलनेला ठेवली. पण 1993 ला सुरू केल्यावर पहिली दोन वर्षं उपचार नाही, नुसती नोंद, बाळं कधी आणि कशानं जातात याची. 1995 पासून गावातल्याच शिकवलेल्या बायकांनी उपचार सुरू केले, जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला इंजेक्शनसुद्धा त्याच द्यायच्या, आणि तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी कमी झाला, 1999 ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. तुलनेची गावं नसती तर म्हणणाऱ्यांनी म्हटलंच असतं की काळच बदलला, रस्ते झाले. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचं वजन करतात त्याची मुळं तिथं आहेत.

प्रश्न: शिरोळ भागात ऊसतोड टोळ्यांतल्या गरोदर बायकांची तपासणी होत नाही. आमच्या मंडळाला अभ्यास करायचाय. मुकादमाला भेटून यादी घेतली तर चालेल का?

उत्तर: यादी घ्या, परवानगी घेऊ नका. मुकादमाकडनं उचल घेतलेली बाई त्याच्यासमोर तुम्हाला नाही म्हणू शकत नाही, मग ती संमती कसली. बाईला एकटीला, तिच्या कोपीवर (झोपडीवर), तिच्या सवडीनं विचारा, आणि ती सवड दुपारी नसतेच, पहाटे कोयता घेऊन फडात गेलेलं जोडपं कधी परत येतंय ते टोळीत विचारूनच वेळ ठरवा.

दुसरं, टोळ्या दिवाळीच्या आसपास येतात आणि कारखाना बंद झाला की जातात. तुमचा स्टडी जानेवारीत सुरू झाला तर बाळंतपणाचा निकाल त्यांच्या गावाकडं बीडला लागणार आणि तुमच्या हातात अर्धवट फॉर्म. म्हणून पहिल्याच भेटीत गावाकडचं उपकेंद्र कुठलं, माता-बाल कार्ड जवळ आहे का गावाला राहिलंय, आणि हंगामानंतर लागणारा फोन कुणाचा एवढं नक्की घ्या, तिकडच्या नर्सताईशी आधीच बोलून ठेवा. आणि जी बाई तपासणीत धोक्याची निघेल तिला दवाखान्यात कोण नेणार, गाडी कुणाची, हे सर्व्हे सुरू करायच्या आधी ठरलेलं पाहिजे. नुसतं लिहून घेऊन परत यायचं असेल तर जाऊच नका.

प्रश्न: वडिलांना एका अभ्यासात घ्यायचंय म्हणून सही मागितली. आमच्यावर प्रयोग करतायत का? सही नाही केली तर ट्रीटमेंट बंद होईल?
(करवीर)

उत्तर: नाही, बंद करता येत नाही. सही केल्यावरही मधेच बाहेर पडता येतं, कारण सांगायची गरज नाही. मराठीतलं माहितीपत्रक मागा आणि घरी नेऊन वाचा, सहीची एक प्रत तुमच्याकडं ठेवा. एथिक्स कमिटीची मंजुरी आहे का विचारा, त्या कमिटीत डॉक्टर सोडून कायद्याचं जाणणारं आणि साधं सामान्य माणूसही असतं, आणि कमिटीचा फोन नंबर त्या पत्रकावरच असायला पाहिजे. औषधाची ट्रायल असेल तर सीटीआरआय नावाच्या सरकारी वेबसाइटवर तिची नोंद असतेच, 2009 पासून ती सक्तीची आहे आणि कुणालाही फुकट बघता येते. ट्रायलमुळं वडिलांना काही इजा झाली तर 2019 च्या नियमांप्रमाणं मोफत उपचार आणि भरपाई आहे. एवढं विचारल्यावर समोरचा चिडला तर सही करू नका.