सौर पॅनेल भाडेपट्ट्याने घ्यावीत की विकत?

आपण पाठवलेली दोन्ही दरपत्रके आणि भाडेकराराचा मसुदा मी लक्षपूर्वक वाचला. निवृत्तीला सहा वर्षे उरली असताना घराच्या छपरावर सौर पॅनेल बसवायची, तर ती ठेवीतल्या पैशांतून विकत घ्यावीत, की सुरुवातीला काहीही न भरता २० वर्षांच्या भाडेपट्ट्याने घ्यावीत, असा आपला प्रश्न आहे. दहाएक वर्षांनी हे घर विकून मुलीजवळ राहायला जाण्याचा विचार असल्याचे आपण पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता लिहिले आहे. माझे उत्तर बरेचसे त्या एका वाक्यावर बेतलेले आहे.

हिशेब सोपा जावा म्हणून आपले आजचे मासिक वीजबिल १०० धरू. दोन्ही दरपत्रकांनुसार पॅनेलमुळे त्यातले ९० वाचतील. भाडे पहिल्या वर्षी ७० आहे, म्हणजे दरमहा २० पदरात पडतात, आणि विक्रेत्याने ठळक अक्षरांत छापलेला आकडा नेमका हाच आहे. मात्र भाडे दरवर्षी २.९ टक्क्यांनी वाढेल असे कलम करारात आहे, आणि पॅनेलची वीजनिर्मिती साधारणपणे वर्षाला अर्ध्या टक्क्याने घटत जाते. विजेचे दर आहेत तेवढेच राहिले, तर नवव्या वर्षी भाडे ८८ वर जाते आणि बचत ८६ वर उतरते. विसाव्या वर्षी तर १२० भरून आपण ८२ वाचवत असाल. दर वाढणारच, हे विक्रेत्याचे म्हणणे मी खोडून काढत नाही. पण ती वाढ सरासरीने वर्षाला दोन टक्क्यांहून कमी राहिली, तरी शेवटी शेवटी हा व्यवहार तोट्यात जातो. निवृत्तीनंतर आपले उत्पन्न आटेल आणि हे भाडे मात्र चढतच राहील, हेही विसरता येत नाही.

खरेदीची किंमत आपल्या ८४ महिन्यांच्या बिलांएवढी आहे आणि ती आठव्या वर्षाच्या अखेरीस वसूल होते. इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरातल्या उपकरणांना चालेल अशी करणारे यंत्र) मात्र १० ते १५ वर्षांत एकदा बदलावा लागतो. त्यासाठी आणखी ८ बिलांची रक्कम बाजूला धरूनही २० वर्षांचा परतावा वर्षाला दहा टक्क्यांच्या आसपास पडतो. अनुदान किंवा करसवलत उपलब्ध असल्यास ती सहसा यंत्रणेच्या मालकाला मिळते, आणि भाडेपट्ट्यात मालक कंपनी असते, आपण नव्हे. मी ती सवलत हिशेबात धरलेलीच नाही.

आता दहाव्या वर्षी घर विकले असे समजा. विकत घेतलेल्या पॅनेलनी तोवर किंमत वसूल होऊन सुमारे २२ बिलांएवढी रक्कम वर दिलेली असेल. वर्षाला साडेचार टक्क्यांच्या आसपासचा हा परतावा काही भूषणावह नाही, हे मान्य केले पाहिजे. पण मूळ क्षमतेच्या ९५ टक्के वीज देणारी पॅनेल घराबरोबर जातात आणि गिऱ्हाईक त्यांचे जे काही मोल करील ते वरकड. भाडेपट्ट्यात तोवर जेमतेम दहा बिले वाचलेली असतात आणि दहा वर्षांचा करार शिल्लक असतो. विजेचे दर स्थिर राहिले असतील, तर दरमहा ९३ भरून ८६ वाचवणारा करार नवा मालक आपल्या गळ्यात का बांधून घेईल? त्याने नाकारले, तर उरलेले सर्व भाडे एकरकमी भरण्याची अट मसुद्यात आहे. ती रक्कम आजच्या सुमारे १२८ बिलांएवढी, म्हणजे पॅनेलच्या आजच्या किमतीच्या दीडपट होते.

भाडेपट्ट्याच्या बाजूने एकच गोष्ट खरोखर भक्कम आहे, ती म्हणजे दुरुस्तीची जबाबदारी कंपनीवर राहते. ज्याच्या हाती रोकड नाही आणि ज्याला घर सोडायचे नाही, त्याने भाडे न वाढणारा करार मिळाल्यास अवश्य विचार करावा. आपली परिस्थिती तशी नाही.

म्हणून आपण खरेदीच करावी, मात्र दरपत्रकातली पूर्ण क्षमता घेऊ नये, असे माझे मत आहे. वर्षभराच्या घरखर्चाएवढी ठेव अजिबात न मोडता उरलेल्या पैशांत दिवसा प्रत्यक्ष वापरली जाणारी वीज भागेल एवढीच यंत्रणा बसवावी, कारण ग्रिडला, म्हणजे सार्वजनिक वीजजाळ्याला, दिलेल्या जास्तीच्या युनिटना पुष्कळ ठिकाणी कमी दर मिळतो. (छप्पर मोठे दिसले की विक्रेत्याचा उत्साह वाढतो, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.) त्याआधी छपराची तपासणी करून घ्यावी, आपल्याच म्हणण्याप्रमाणे त्याची डागडुजी होऊन बरीच वर्षे लोटली आहेत, आणि पुढे गळती लागल्यास पॅनेल उतरवून पुन्हा बसवण्याचा खर्च आपल्यालाच सोसावा लागेल. विक्रेत्याकडून पॅनेलच्या वीजनिर्मितीची हमी आणि छपराला पाडलेल्या छिद्रांतून पाणी झिरपल्यास भरपाईची हमी वेगवेगळी आणि लेखी घ्यावी, आणि दोन्ही नव्या घरमालकाच्या नावे हस्तांतरित होतील असे त्यात स्पष्ट लिहून घ्यावे.