नळीवरचं बाळ अंगावर कधी पिईल?

प्रश्न : बाळ 31व्या आठवड्यात झालं, आज 21 दिवसांचं आहे. वजन 1600 ग्रॅम. नळीने दर 3 तासांनी 30 मि.ली. दूध देतात. अंगावर घेतलं की चार ओढी ओढून झोपतं. सासूबाई म्हणतात, बाटली लावा. काय करू?
— एक आई, अमळनेर

उत्तर : ताई, बाळ आळशी नाही. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ साधारण 34व्या आठवड्याच्या सुमारास बसू लागतो. तुमचं बाळ आत्ता तिथवर पोहोचलंय.

नळीचं दूध चालू असतानाच त्याला अंगावर घ्या, मात्र आधी दूध पिळून काढा. रिकाम्या स्तनातून धार येत नाही, त्यामुळे ठसका लागत नाही आणि चोखता चोखता पोट भरतं हे बाळाला कळू लागतं. चोखण्याची लय बसली, की डॉक्टरांना विचारून भरल्या स्तनाला लावा. उजवीकडे पाजताना डाव्या हाताने मान आणि खांदे सावरा. डोकं मागून दाबू नका, बाळ मान मागे टाकतं. तोंड मोठं उघडल्यावरच जवळ घ्या. नुसतं बोंड नको, भोवतीचा काळा भागही तोंडात हवा. पहिली धार जोरात येत असेल तर थोडं दूध आधी काढून टाका. ओढणं मंदावलं तर स्तन हलकेच दाबा. अर्ध्या तासापुढे ताणू नका, दमण्यातच त्याची ताकद जाते.

सुरुवातीला दिवसातून एकच वेळ अंगावर, मग दोन. चार घोटच घेतले तर ठरलेलं सगळं दूध वरून द्यायचं. गिळण्याचा आवाज येत दहा मिनिटं प्यायलं तर साधारण निम्मं. किती कमी करायचं ते डॉक्टर वजन पाहून ठरवतील. रोज 24 ते 32 ग्रॅम वाढ हवी.

वरून द्यायचं हे काढलेलं दूध वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने द्या. बाटलीतून दूध फारसं न ओढता येतं, बाळाला तीच सवय लागते. शिवाय बाटली नीट उकळली गेली नाही तर जुलाब ठरलेले.

डिंकाचे लाडू खुशाल खा, पण दूध वाढतं ते काढल्याने : दिवसातून 8 वेळा, त्यात एकदा रात्री. आपल्याकडच्या उन्हाळ्यात काढलेलं दूध बाहेर ठेवू नका. फ्रिजमध्ये ठेवून 24 तासांत वापरा. बाकीचा वेळ बाळ उघड्या छातीशी, कांगारूसारखं.

पिताना ओठ निळे पडले किंवा श्वास थांबला तर लगेच सोडवा आणि सिस्टरला हाक मारा. पोट फुगलं, हिरवी उलटी झाली तर पुढचं दूध डॉक्टरांनी पाहिल्यावरच.