संगीत मासिकाच्या अनुक्रमणिकेचं पान आकर्षक कसं करावं?

तुम्ही विचारलंय की कॉलेजच्या प्रकल्पासाठी संगीत मासिकाची अनुक्रमणिका करायची आहे, ती आकर्षक कशी दिसेल, फोटो किती घ्यावेत, रंग कुठले. नमुना म्हणून ‘मोजो’ आणि ‘क्यू’ या ब्रिटिश मासिकांची नावं दिली आहेत. नमुने चांगलेच आहेत. पण ‘आकर्षक’ वाचलं आणि लिहायला बसले. अनुक्रमणिकेत आधी हवं ते सापडलं पाहिजे, देखणेपण मागाहून. संगीताचा अंक हातात घेतलेला माणूस राग शोधतो, कलाकार शोधतो, बंदिश शोधतो. ते जिथे दिसत नाही ते पान कितीही सजवा, वाया गेलं.

मी बडोद्याची. इथे मराठी आणि गुजराती, दोन्हींतलं मांडणीचं काम करते. काही वर्षांपूर्वी इथल्याच एका संगीत मंडळाचा विशेषांक माझ्याकडे आला. विषय बडोद्याचं संगीत. मजकूर असा की वाचताना हातातलं काम थांबावं. गायक मौलाबक्षांनी १८८६ साली सुरू केलेली गायनशाळा, सयाजीरावांच्या आश्रयाने संगीतशास्त्रज्ञ भातखंड्यांनी १९१६ मध्ये इथे भरवलेली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद, आग्रा घराण्याचे गवई फैयाज खाँसाहेब यांची दरबारातली वर्षं, आणि ‘प्रेमपिया’ या नावाने त्यांनी बांधलेल्या बंदिशी, स्वरलिपीसकट.

आता शीर्षकं ऐका. परिषदेवरच्या लेखाचं नाव ‘तो सुवर्णक्षण’. गायनशाळेवरचा लेख ‘स्वरमंदिराच्या पायऱ्या’. बंदिशींच्या पानांना नाव काय, तर ‘अमोल ठेवा’. लेखकाने आपल्या लेखाला हवं ते नाव द्यावं, तो त्याचा हक्क. पण अनुक्रमणिकेत नुसतं तेवढंच छापलं तर वाचकाला काय डोंबल कळणार? त्यात संपादकांचा आग्रह असा की सगळ्यात वर शुभेच्छा संदेश. त्याखाली डावीकडे लेखकांची नावं ठळक टाइपात, प्रा., डॉ., पं. सगळं लावून, तीही ज्येष्ठतेच्या क्रमाने. मग शीर्षक, मग उजव्या कडेपर्यंत ठिपके, आणि ठिपक्यांच्या शेवटी बारीक पृष्ठांक. ज्येष्ठतेचा क्रम लेखांच्या क्रमाशी जुळत नव्हता, त्यामुळे पृष्ठांक ३८, १२, ५१, ७ असे उड्या मारत खाली येत होते.

मी दुसरं पान करून नेलं. पृष्ठांक डावीकडे, मोठा, शीर्षकाला लागून. शीर्षकाखाली साधी एक ओळ: ‘बडोद्याची संगीत परिषद, १९१६’. लेखकाचं नाव त्याच्याही खाली, हलक्या टाइपात. आणि उजव्या हाताला अरुंद कॉलममध्ये रागसूची, अकारविल्हे: जोग, दरबारी, नटबिहाग, ललत. प्रत्येकापुढे ताल आणि पान. संपादक म्हणाले, हे परीक्षेच्या गाइडसारखं दिसतं, मंडळाची शान राहत नाही, आणि लेखक मंडळी नाराज होतील. दांडिया बाजारातल्या प्रेसमध्ये ऑपरेटरच्या डोक्यावर उभं राहून आमचं कडाक्याचं वाजलं. अंक मंडळाचा, खर्च मंडळाचा. छापलं त्यांच्या मनासारखं.

प्रकाशनाला माझ्या शेजारी एक पेटीवादक बाई बसल्या होत्या. त्यांना जोगची बंदिश हवी होती. त्यांनी अनुक्रमणिकेवर बोट ठेवून वरून खाली वाचलं, परत वरून वाचलं, मग अंक मागच्या बाजूने चाळायला घेतला. तेवढ्यात कार्यक्रम सुरू झाला आणि त्यांनी अंक पर्समध्ये टाकला. मध्यंतरात मला म्हणाल्या, “अगं, यात जोग घेतलाच नाही का?” घेतला होता. ‘अमोल ठेवा’च्या तिसऱ्या पानावर. मी काढून दिला. ज्यांच्या शेजारी मी नव्हते त्यांना कोण काढून देणार होतं?

गाइडसारखं दिसतं म्हणणाऱ्यांना माझं एकच उत्तर आहे. ‘एनएमई’ (न्यू म्युझिकल एक्सप्रेस) हे १९५२ मध्ये सुरू झालेलं इंग्लंडचं संगीत साप्ताहिक, २०१८ पर्यंत छापून निघायचं. त्याच्या अनुक्रमणिकेत कडेच्या कॉलममध्ये बँडची सूची यायची, अक्षरानुक्रमे, पृष्ठांकांसकट. वाचकाला आपला बँड हवा असतो, कुणी लिहिलंय ते तो पान उघडल्यावर बघतो. रॉकच्या वाचकाला जी सोय मिळायची ती ख्यालाच्या वाचकाला का नको? रागसूचीने अंकाची शान वाढतेच. अंकात किती राग आहेत हे वाचकाला एका नजरेत कळतं.

करताना दोन-तीन गोष्टी सांभाळा. देवनागरी आकडे बारीक टाइपात फसवतात. १ आणि ९, ५ आणि ६ पटकन ओळखू येत नाहीत, म्हणून पृष्ठांक मजकुरापेक्षा मोठाच ठेवा. ओळींमध्ये जागा सोडा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला टेकतो. इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडायला विसरू नका, नाहीतर जोडाक्षरं मोडतात. आणि अनुक्रमणिकेचा फर्मा, म्हणजे ते पान ज्या मोठ्या कागदावर छापलं जातं तो, छापायला शेवटी सोडा. आयत्या वेळी एक जाहिरात आत शिरली की पुढचे सगळे पृष्ठांक सरकतात.

फोटो एकच मोठा पुरे, मुख्य लेखाचा, आणि त्यावर त्याचा पृष्ठांक हवाच. रंग मुखपृष्ठावरचा एखादा उचला आणि काळा.

अंक चोवीस पानांचा असेल तर वेगळी सूची लागत नाही, शीर्षकाखालच्या ओळीवर भागतं. चित्रपटसंगीताचं मासिक असेल तर रागाऐवजी चित्रपट आणि गायक घ्या. मान्यवरांना पान द्यायचंच असेल तर जरूर द्या, पण अनुक्रमणिकेच्या माथ्यावर नको.

तुमचे सर लेखकांची नावं ठळक करा म्हणाले, तर वाद घालत बसू नका. त्यांच्या आणि तुमच्या, दोन्ही तऱ्हेच्या पानांची प्रिंट काढा, संगीत शिकणाऱ्या कुणाही दोघांच्या हातात एकेक द्या, आणि सरांसमोरच विचारा, जोग कुठल्या पानावर आहे.