कुठे राहता, यायला किती वेळ लागतो

पोरी,

परवा तू फोनवर रडत होतीस आणि मागे पंपाचा अलार्म वाजत होता, नीट बोलताच आलं नाही, म्हणून लिहितेय. आयसीयूतला पेशंट सांभाळता येतो पण बाहेरच्या नातेवाईकांशी काय बोलायचं ते कळत नाही, असं म्हणालीस ना.

अगं माझीही पहिली काही वर्षं तशीच गेली. आत श्वास घ्यायला वेळ नसतो, बीपी टिकवायचं नॉरअ‍ॅड चालू, नळीतला कफ ओढायचं सक्शन, तासातासाला युरिन आउटपुट, दर दोन तासांनी कूस बदलायची, आणि बाहेर माणसं पेपर अंथरून नुसती दाराच्या काचेकडे बघत बसलेली. आपण वॉर्डबॉय मामांना हाक मारायला दार उघडतो आणि ती सगळी उठून उभी राहतात.

एक गोष्ट सांगते, मी ती फार कुणाला सांगितलेली नाही. बदलापूरचे एक काका होते, न्यूमोनिया, व्हेंटिलेटरवर. काकू तीन दिवस बाहेरच्या बाकावर. संध्याकाळी बीपी जरा बरं दिसलं म्हणून मी म्हटलं, काकू, सुधारतायत, घरी जाऊन आंघोळ करून या. चांगल्या मनानेच बोलले गं. रात्री अडीचला अरेस्ट, हृदय थांबलं. फोन केला, पण रात्री साधारण एक ते चार लोकलच नसते आणि त्या एकट्या बाईला तेव्हा गाडी कुठून मिळणार, पहाटेच्या लोकलने आल्या तोवर आम्ही श्वासाची ट्यूब काढून चादर ओढली होती. भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, तुम्ही म्हणालात म्हणून गेले हो.

त्या दिवसापासून "सुधारतायत" हा शब्द मी सोडला. पुढे काय होईल ते डॉक्टर सांगतील, आपण जे बघितलं तेच सांगायचं, आज ताप उतरलाय, हाक मारल्यावर डोळे उघडले, रात्री बीपीचं औषध वाढवावं लागलं. आणि अ‍ॅडमिशनच्याच दिवशी विचारायचं, कुठे राहता, यायला किती वेळ लागतो. ते फोन नंबरच्या शेजारी लिहायचं आणि ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या शिफ्टला पेशंट सोपवताना, बोलायचं, पाच नंबर बेडची माणसं कसाऱ्याला, अडीच-तीन तास. औषधांचा, मशीनचा सपोर्ट वाढत चालला तर एमओला, म्हणजे ड्युटीवरच्या डॉक्टरला, लाज न बाळगता म्हणायचं, डॉक्टर, घरच्यांना बोलवायचं असेल तर शेवटच्या गाडीच्या आत ठरवा. हे कुठल्या प्रोटोकॉलमध्ये लिहिलेलं मी बघितलं नाही, पण मुंबईत हे लागतंच.

पहिल्यांदा आत सोडताना दाराशीच दोन मिनिटं थांबव. हात बांधलेत ते झोपेत ट्यूब ओढू नये म्हणून, चेहरा सुजलाय तो सलाईन आणि आजारामुळे, बोलता येत नाही कारण ट्यूब स्वरयंत्रातून गेलीय, आवाज गेलेला नाही. आधी सांगितलं की बघणं थोडं तरी सोपं जातं, नाहीतर मुलगा आईचे बांधलेले हात बघून तिथेच कोसळतो. बोटाला लावलेला ऑक्सिजन मोजायचा प्रोब निघाला तरी मॉनिटर ओरडतो हेही सांग, बिचारे आकड्यांकडेच बघत राहतात. मग त्यांना हात धुवायला लाव आणि काहीतरी काम दे. केस विंचरू दे, तळव्यांना क्रीम लावू दे, घरातलं काहीबाही बोलू दे, नळाला पाणी आलं, नातीची परीक्षा झाली. गुंगीतल्या माणसाला किती ऐकू जातं ते आपल्याला कळत नाही, म्हणून तर बोलायचं.

पैशाचं टेन्शन चेहऱ्यावर दिसलं तर रेशनकार्ड आणि आधार घेऊन लगेच समाजसेवा विभागात पाठव, महात्मा फुले योजनेचं तिथे विचारायला सांग. बिल चढल्यावर नको, आधीच.

आणि ज्याचं कुणीच येत नाही त्याच्याशी जरा जास्त बोल. केईएमच्या सिस्टरांनी आपल्यातल्याच, हल्ल्यानंतर शुद्ध हरपून अंथरुणाला खिळलेल्या नर्स अरुणा शानबागला १९७३ ते २०१५, बेचाळीस वर्षं सांभाळलं, २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने सुद्धा तिची खरी जवळची माणसं म्हणजे केईएमचा स्टाफच असं मानलं. मला अजूनही त्याने भरून येतं.

हे सगळं करायला वेळ कुठेय म्हणशील, तीन-तीन व्हेंटिलेटर एकटीवर असतात मला माहितीये, नाही जमलं त्या दिवशी नाही जमलं, स्वतःला खात बसू नकोस. स्वतःचा नंबर देऊ नकोस, वॉर्डचा दे. नाईटनंतर आधी खा, मग झोप.

तुझ्या सात नंबरच्या आजींचा मुलगा रोज तेच तेच विचारतो म्हणालीस ना. तो कुठून येतो ते विचारलंस का? आज विचार आणि रात्री मला कळव, मी जागीच असते.

तुझी ताई