‘कोठवर?’ असं देवाला विचारायला हरकत नाही

ताई, सलाम.

तुमच्या पत्रात प्रश्न चार आहेत, पण जीव एकातच अडकलाय हे वाचताक्षणी कळतं. तुम्ही लिहिता, “यजमानांची नोकरी जाऊन आठ महिने झाले. सगळ्यांचा व्हिसा आता माझ्या नोकरीवर आहे. त्यातच सासरे गेले आणि कागदपत्रं अडकल्यामुळे यांना वडिलांच्या मातीलाही जाता आलं नाही. चर्चच्या मंडळीत सगळे म्हणतात, विश्वास ठेवा, प्रभूची काहीतरी योजना असेल. रात्री प्रार्थनेला बसते, पण शब्दच फुटत नाही. फुटला तर राग येतो. माझा विश्वास कमी पडतोय का?”

नाही हो. राग कुणासमोर बसून येतोय, ते बघा ना. ज्याच्यावरचा भरवसा उडाला, त्याच्याशी कुणी रोज रात्री भांडायला बसत नाही.

माझं हे म्हणणं नेहमीचे वाचक ओळखून आहेत, तरी पुन्हा सांगते. संकटात सापडलेल्या माणसाला आपण एक सुटं वचन पाठवतो आणि मोकळे होतो. तुम्हालाही बायबलातल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं, 29व्या अध्यायातलं अकरावं वचन किती जणांनी पाठवलं असेल! देवाच्या मनात तुमच्या हिताच्याच योजना आहेत, वगैरे. वचन खरंच आहे. पण त्याच्या आदलं वचन कुणी पाठवतं का? त्यात सत्तर वर्षांची गोष्ट आहे. यिर्मयानं हे पत्र बाबेलात बंदी करून नेलेल्या लोकांना लिहिलं, म्हणजे घरदार सुटलेल्यांना. त्यात सुटकेची घाई नाही. घरं बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्नं करा आणि ज्या नगरात राहता त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा, असं त्यात आहे. अध्याय अख्खा वाचला तर पुढच्या महिन्यात नोकरी लागेल असा शब्द कुठेच मिळत नाही. परक्या गावी, लांबलेल्या काळातही देव आपल्याला विसरलेला नाही, एवढंच मिळतं. आणि ते पुरतं.

म्हणून सांगते, सुटी वचनं काही दिवस बाजूला ठेवा आणि स्तोत्रसंहिता, म्हणजे बायबलातलं स्तोत्रांचं पुस्तक, उघडा. तेरावं स्तोत्र बघा. पहिल्या दोन वचनांतच चार वेळा देवाला विचारलंय, कोठवर? अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी स्तुतीची एक ओळसुद्धा नाही. आपल्या पूर्वजांनी ते गाळलं नाही, पवित्र शास्त्रात ठेवलं. प्रभू येशूनं वधस्तंभावर जी हाक मारली, देवा, तू मला का सोडलंस, ती बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ. त्याला जे बोलायला चाललं ते तुम्हाला का चालू नये?

माझ्या सासूबाईंचं जुनं पवित्र शास्त्र आता आमच्याकडे आहे. तेराव्या स्तोत्राच्या समासात पेन्सिलनं तारखा लिहिल्यात, एकाखाली एक, निरनिराळ्या वर्षांच्या. एक सासऱ्यांना अर्धांगवायू झाला तेव्हाची. एक नणंदेचं बाळ गेलं त्या आठवड्यातली. बाकीच्या कशाच्या, ते आम्हाला ठाऊक नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही. बाई चारचौघांत कधी रडल्या नाहीत, पण देवासमोर काही राखून ठेवलं नाही. माझा भाऊ तिकडे वारला आणि मला इथून निघता आलं नाही, तेव्हा आमच्या ह्यांनी तेच पान काढून जेवणाच्या टेबलावर मोठ्यानं वाचलं. धाकटी म्हणाली, “देवाला असं बोललं तर चालतं?” चालतं, हे तिला त्या रात्री कळलं. आज ती मोठी आहे आणि तिच्या स्वतःच्या वाईट दिवसांत ती प्रार्थना सोडून पळत नाही.

सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र आठवा. सात दिवस, सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर ठीक होतं. मग बोलायला लागले आणि सगळं बिघडलं. तुझंच काही चुकलं असेल म्हणाले. शेवटी देव त्यांच्यावरच रागावला आणि अख्खं पुस्तकभर तक्रार करणारा ईयोब माझ्याविषयी योग्य बोलला, असं म्हणाला. मार्था आणि मरीया, दोघीही येशूला तोंडावर म्हणाल्या, प्रभू, तू इथे असतास तर आमचा भाऊ मेला नसता. त्यानं त्यांना विश्वासावर व्याख्यान दिलं नाही. त्यांच्या भावाला, लाजराला, मेलेल्यातून उठवणार हे ठाऊक असूनही तो रडला.

आणि आशा आधी हवी, हा हट्ट सोडा. प्रेषित पौलानं रोमच्या मंडळीला लिहिताना क्रम स्पष्ट लावलाय: संकटातून धीर, धीरातून शील, शीलातून आशा. आशा सगळ्यांत शेवटी आहे. तुम्ही आठ महिने घर चालवताय, म्हणजे धीर कधीच आलाय.

आपल्या पंडिता रमाबाईंचं बघा. आईवडील आणि बहीण दुष्काळात गेली, पुढे भाऊ गेला, 1882 साली नवरा गेला. 1883 साली लहानग्या मनोरमेला घेऊन त्या परदेशी गेल्या. 1921 साली मनोरमाही गेली. आणि पवित्र शास्त्राचं मूळ भाषांतून मराठी भाषांतर करण्याचं काम रमाबाईंनी 1922 साली मरेपर्यंत सोडलं नाही. ही विलापाची स्तोत्रंही त्यांनी स्वतःच्या हातानं मराठीत आणली.

तेव्हा रोज रात्री तुम्ही, यजमान आणि मुलगा, तिघांनी बसा. एक स्तोत्र: तेरा, बावीस, बेचाळीस, सत्त्याहत्तर, अठ्ठ्याऐंशी, एकशे तीस. मोठ्यानं वाचा, मराठीत. अर्थ सांगू नका. मग प्रत्येकानं देवाला एक वाक्य, जे मनात असेल ते. यजमान गप्प राहिले तर राहू द्या.

आता थोडं रागावते. तुम्हीच लिहिलंय, पाळकांनी विचारलं तेव्हा “देवाच्या कृपेनं सगळं छान” म्हणालात. मग मंडळीनं ओळखायचं कसं? एकमेकांची ओझी वाहा म्हटलंय, पण ओझं दाखवाल तर कुणी हात लावेल. ‘प्रार्थना करा’ एवढ्यावर थांबू नका. यांच्या क्षेत्रात कुणाची ओळख आहे का, व्हिसाचे कागद वाचून देणारं कुणी आहे का, हे थेट विचारा.

यजमानांना झोप नाही, अंधारात बसून राहतात, असं एका ओळीत लिहून तुम्ही पुढे गेलात. मी जाणार नाही. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागत होता, तेव्हा देवदूतानं त्याला बोल लावला नाही. झोपू दिलं, भाकर आणि पाणी दिलं आणि पुन्हा झोपू दिलं. शरीराची काळजी घेणं हीसुद्धा देवाचीच रीत आहे. या आठवड्यात त्यांना डॉक्टरकडे न्या. जगायला नको असं एकदा जरी बोलले, तर त्यांना एकटं सोडू नका आणि त्याच क्षणी तातडीची मदत बोलवा, दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.

बाकीचं पटकन. मुलगा उपासनेला येत नाही म्हणून ओढून नेऊ नका, रात्रीच्या वाचनाला मात्र बसवा. मराठी मंडळी लांब आणि इथली जवळ, तर सध्या जवळच्या मंडळीत जा. अडीअडचणीला दार वाजवता येईल असं माणूस हवं. आणि आईपासून नोकरीचं लपवताय ते पुरे झालं. तिला येत्या रविवारी सांगा. ती फोनवरच प्रार्थना करायला लागेल, तेव्हा यजमानांना शेजारी बसवा आणि फोन स्पीकरवर टाका.