सागाचे शेंडे उन्हाळ्यात का वाळतात?

प्रश्न (उमरेड तालुका): एका एकरात 2 × 2 मीटरवर साग लावला आहे, नववे वर्ष सुरू आहे. झाडे उंच गेली, पण घेर भरत नाही. मे महिन्यात काहींचे शेंडे वाळले. खत वाढवावे का?

उत्तर: खत नको, विरळणी करा, म्हणजे काही झाडे काढून दाटी कमी करा. या अंतराने एकरात सुमारे 1,000 झाडे बसतात आणि आता ती सगळी एकाच ओलीवर जगत आहेत. झडीचा पाऊस मुरतो; चार जोरदार सरींचे पाणी वाहून जाते आणि मग लांब उघाड पडते. नागपूरकडच्या 45 अंशांच्या उन्हात पहिला फटका शेंड्याला बसतो. युरियाने पाला वाढेल, म्हणजे पाण्याची गरजही वाढेल.

जमिनीपासून 1.37 मीटरवर प्रत्येक झाडाचा घेर टेपने मोजा आणि वहीत लिहा. वाकडी, दबलेली, शेंड्याला दोन फाटे फुटलेली, खोड पोखरलेली झाडे चुन्याने खुणवा. डोळे झाकून एकाआड एक ओळ काढू नका. त्यात चांगले झाड जाते आणि वाकडे राहते.

शेवटी निम्मीच ठेवायची आहेत, पण एकदम काढू नका. दाटीत वाढलेली खोडे बारीक असतात. शेजारचा आधार गेला की जूनच्या वादळात वाकतात. खोड अचानक उघडे पडले तर त्यावर फुटवे येऊन लाकडात गाठी होतात. या हिवाळ्यात एक तृतीयांश काढा, निम्मी होईपर्यंतची उरलेली दोन वर्षांनी.

साग स्वतःच्या शेतातला असला तरी 1964 च्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगी लागते, विरळणीलाही. सातबाऱ्यावर झाडांची नोंद आहे का, ते आधी पाहा. वाहतुकीचा पास वेगळा घ्यावा लागतो. ‘कागदपत्रं मी बघतो’ म्हणणाऱ्या व्यापाऱ्याला उभी झाडे ठोक भावाने देऊ नका. बल्ल्या (तोडलेली सरळ, बारीक खोडे) घेर-लांबीप्रमाणे वेगळ्या करा, मगच भाव ठरवा. खरा पैसा इथेच सुटतो.

तोडलेल्या बुंध्यांवरचे फुटवे वर्षातून दोनदा कोयत्याने काढा, नाहीतर ओल पुन्हा वाटली जाते. मोकळ्या जागी उताराला आडवे, फूटभर खोल, तुटक चर खणा. राखलेल्या झाडापासून तीन फूट दूर. पालापाचोळा त्यातच भरा. धुऱ्यालगत 3 मीटरची जाळरेषा (आग अडवणारा मोकळा पट्टा) फेब्रुवारीतच साफ करा, कारण मार्चमध्ये मोह वेचायला झाडाखालचा पाला पेटवतात आणि आग तिथून आत शिरते.

ऑगस्टनंतर अळीने पानांची जाळी केली, तर एवढ्या मोठ्या झाडांवर फवारणीचा खर्च करू नका. पुढच्या पालवीत झाड सावरते.